एक बाही कमी

यंत्राच्या नजरेतून या जगात काहीही सुटत नाही. त्या घरातल्या दिवाणखान्याच्या कॅमेऱ्यातून एक अख्खा स्वेटर सुटला होता. अख्खा म्हणजे, एक बाही कमी.

आई जाऊन महिना झाला होता. तिचं अर्धवट विणकाम तिच्या डुलत्या खुर्चीवर तसंच पडून असे. मंगळवारी संध्याकाळी मुलगी माहेरी आली, तर खुर्ची रिकामी. आदल्या दिवशी सुनेने सासूचं कपाट आवरलं होतं. तेवढ्यावरून नणंदेने निकाल लावून टाकला. स्वेटर सापडला तर तो ती घेऊन जाणार. नाही सापडला तर या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. सून म्हणाली, मी हातही लावला नाही. मग दोघी बोलेनाशा झाल्या आणि मुलाने मामांना बोलावलं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. पस्तीस वर्षं विजेचे मीटर तपासून निवृत्त झालेले. वीजचोर आपल्याला वासावरून कळतो, असं ते स्वतःच सांगत.

मामांनी आधी कॅमेरा समजून घेतला. खोलीत काही हललं की तो एक फोटो काढी आणि बाबा, मुलगा, सून आणि मुलगी अशा चौघांच्या फोनवर सूचना धाडी. मंगळवारी मुलाच्या मागोमाग नऊला सून कामावर निघाली. फोटोत तिच्या मागे खुर्चीवर स्वेटर. त्यानंतर थेट साडेपाच, मुलगी आत येतेय, खुर्ची रिकामी. मधे एकही सूचना नाही.

मामा दारापासून चालून बघू लागले. चारही फोन वाजले. पंखा फिरला तरी वाजत होते, म्हणून पंखा बंद करवला.

"भावोजी, दिवसभर घरात तुम्हीच. कोणी आलं होतं?"

"नाही."

"या ॲपमधलं काही कळतं?"

"ओ की ठो नाही."

बाबा कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसले होते. हातातला कप बशीवर किणकिणत होता. महिनाभर ते आपणहून बोलत नसत. विचारलं तर उत्तर देत.

मामा विचार करायला खुर्चीत बसले. डुलले. फोन गप्प.

मुलाने खुलासा केला. ॲपमध्ये बोटाने रेघ ओढून एखादा भाग वगळता येतो. आई दिवसभर डुलायची, म्हणून खुर्ची वगळलेली असे. गेल्या रविवारी त्यानेच, बाबांच्या शेजारी बसून, सगळी खोली पुन्हा कॅमेऱ्याच्या नजरेत घेतली होती.

"मग ही रेघ कोणाची?"

कोणालाच माहीत नव्हतं. मामांनी फोन सगळ्यांसमोर धरला.

"हिच्यात खुर्ची आहे, आणि आतल्या खोलीचं दार. बाहेरून येणाऱ्याला दिवाणखाना ओलांडावा लागतो, फोन वाजतोच. न वाजवता इथे येता येतं ते फक्त आतून. शिवाय रेघ बघा, करवतीच्या दातांसारखी. आता तो कप ऐका." मामा थांबले. "भावोजी, कोट काढा."

बाबांनी काढला. एक हात करड्या लोकरीत, दुसरा सदऱ्यात.

"खुर्चीत बसलो की तुमचे तीन फोन," बाबा म्हणाले. "काय झालं, पडलात का. म्हणून रेघ."

"आणि स्वेटर?" मुलीने विचारलं.

"माझ्याच मापाचा आहे. सांगणार होतो. तू म्हणालीस, घेऊन जाणार."

मुलगी सुनेकडे वळली.

"वहिनी, तुला बाही विणता येते?"

"नाही."

"मलाही नाही."

बाबांनी कपाळ पुसलं.

"आता पंखा लावा कोणीतरी."