फाटकाजवळची माती

रेंजवर सायकल घालायची तर पहिला नियम बिल्ल्याचा.

फाटकाशी एक लाकडी फळा होता. त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा. वरच्या रांगेवर लिहिलेलं ‘आत’, खालच्या रांगेवर ‘बाहेर’. प्रत्येकाचा पत्र्याचा गोल बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. आत जाताना आपला बिल्ला वर टांगायचा, निघताना खाली. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी. कारण त्या टेकड्यांवर आठवडाभर लष्कराचा सराव चालायचा, तोफांसकट. फक्त रविवारी सकाळपासून तीनपर्यंत त्या सायकलवाल्यांना मोकळ्या असत. तीनला सगळे बिल्ले खाली आले की लाल बावटा चढायचा, आणि चारला पहिला बार.

दुसरा नियम मातीचा. फाटकातून आत गेलं की तीन पावलं रुंद मऊ मातीचा पट्टा लागायचा. दोन्हीकडे तार, त्यामुळे पट्टा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. बारानंतर आत जायला बंदी. म्हणून बारा वाजता सुभेदार दंताळं फिरवून पट्टा गुळगुळीत करायचे. त्यानंतर मातीत उमटायची ती फक्त बाहेर निघालेल्यांची खूण. टायरची नक्षी बाणांची असते, बाण जिकडे, सायकल तिकडे. मागचं चाक पुढच्याच्या खुणेवरून जातं, त्यामुळे दिसतो तो मागचाच टायर. सुभेदार म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, माती नाही बोलत.

सुभेदार म्हणजे फाटकावरचा म्हातारा. फौजेतून निवृत्त झालेला, आणि तरी फौज न सुटलेला.

मिस्त्रीचं सायकलचं दुकान तिथून दोन किलोमीटरवर. सायकली तो दुरुस्त करायचा आणि चालवायचा त्याचा धाकटा भाऊ. रेंजवर धाकट्याला सगळे ‘गवंडी’ म्हणायचे, कारण पठ्ठ्या जितकी सायकल चालवायचा त्याच्या दुप्पट वाट दुरुस्त करत बसायचा. पाठीवर घडीचं फावडं. कुठे पाण्याने वाट कापली की हा उतरून चर खणणार, दगड रचणार. डबकं आलं तर वळसा घालायचा नाही, मधून जायचं, नाहीतर वाट रुंद होऊन गवत मरतं. उतारावर ब्रेक दाबून घसरत यायचं नाही. सैनिकांची तुकडी दिसली तर उतरून उभं राहायचं. जमिनीवर लोखंडाचा तुकडा दिसला तर लांबून नमस्कार. नवीन पोरांना हे सगळं तो इतकं ऐकवायचा की ती म्हणायची, गवंडीभाऊ, आम्ही सायकल चालवायला आलोय, लग्न करायला नाही.

घरी मात्र त्याला एकाच गोष्टीवरून बोलणी बसायची. कपात बोटभर चहा उरवायचा. रोज. आई म्हणायची, शेवटचा घोट काय सासरी पाठवायचाय का?

एका शनिवारी मिस्त्रीने धाकट्याचा मागचा टायर बदलला. घाईत होता. टायर उलटा बसला, बाण मागे. वर पाना निसटून नक्षीतला एक रबराचा ठोकळाही उडाला. रविवारी दुपारी धाकटा परत आला तो हसतच.

“दादा, लोक पुढे जातात, तू मला मागे पाठवलंस.”

मिस्त्री म्हणाला, आण इकडे, फिरवतो. धाकट्याने चाक हातात दिलंच नाही. म्हणाला, “राहू दे रे. मातीला वाटेल मी आत गेलोच नाही.”

दोघंही हसले. पुढच्या रविवारी फिरवू म्हणत तीन रविवार गेले. त्या सगळ्या रविवारी धाकटा बाराच्या आतच, दंताळं फिरायच्या आधी, बाहेर पडला होता.

चौथ्या रविवारी धाकटा उशिरा निघाला. खालच्या ओढ्याजवळ त्याने आदल्या खेपेला चर अर्धा खणून ठेवला होता, आणि आभाळ भरलं होतं. पाऊस आला असता तर अर्ध्या चराने वाट आणखीच फाडली असती. फाटकावर पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. सुभेदार खोलीत डबा खात होते. धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. बिल्ला मात्र वर टांगला, सतरा नंबर. तो नियम त्याने नाही मोडला.

तीन वाजता सुभेदारांनी दुकानात फोन केला. सगळे खाली आले, सतरा तेवढा वर आहे. पण पट्ट्यावर त्याच्या टायरची खूण आहे, एक ठोकळा नसलेली. बाण बाहेर. बारानंतरची ताजी.

मिस्त्रीच्या समोर गिऱ्हाईक उभं होतं, हात ग्रीसने बरबटलेले, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. तो म्हणाला, “विसरला असेल. लावा खाली.”

एवढंच. अर्धं मिनिटसुद्धा नाही.

सुभेदार घुटमळले. पण सख्खा भाऊ सांगतोय, माती सांगतेय. त्यांनी सतरा नंबर खाली टांगला.

चारला पहिला बार झाला. दुकानाचं शटर नेहमीसारखं थरथरलं. मिस्त्री दुसऱ्या कुणाच्या चाकावर टायर चढवत होता, बाण कुठल्या बाजूला आहे ते बघत होता. आणि त्याचे हात थांबले.

चार वाजून सात मिनिटांनी त्याने फाटकावर फोन लावला. खोलीतला फोन वाजत राहिला. सुभेदार बाहेर बावट्याखाली उभे होते.

चौकशी झाली. दुसऱ्याचा बिल्ला सुभेदारांनी हलवला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मिस्त्रीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, विसरला असेल असं मला वाटलं. टायरबद्दल कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. सुभेदारांना फाटकावरून काढलं. नंतर कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याने दोनदा चष्मा बदलला. प्रत्येक डॉक्टरला एकच विचारतो, समोरचा बाण माणसाला उलटा दिसू शकतो का?

एकदा ते घरी आले. टोपी हातात धरून पायरीवर उभे राहिले. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “माझ्या लेकराला खाल्लंत तुम्ही.” आणि दार लावलं. मिस्त्री तिच्या मागेच उभा होता.

सायकल पोत्यातून परत आली. सांगाडा पिळवटलेला, मागचं चाक मात्र धड. मिस्त्रीने ते दुकानात भिंतीवर टांगलं. टायर होता तसाच, उलटा.

तीन महिन्यांनी रेंज पुन्हा उघडली. त्यानंतर महिन्याभराने फाटकावरचा नवा जवान दुकानात आला. ब्रेकची वायर हवी म्हणाला. वायर घेतली तरी जाईना. मग त्याने विचारलं, एक ठोकळा नसलेला टायर कुणाचा? चार रविवार झाले, म्हणाला. बाराला पट्टा साफ करतो. साडेबाराला डबा उघडतो आणि झाकण लावतो, तेवढ्यात एक खूण उमटलेली असते. बाण बाहेर. कुणीतरी निघून जातंय, पण बिल्ले तर सगळे जिथल्या तिथे.

मिस्त्री म्हणाला, असेल कुणीतरी. दोन सायकलींवर येतात लोक.

पुढच्या रविवारी तो स्वतः जाऊन बसला. जवान दंताळं फिरवत होता. साडेबाराला खोलीतला फोन वाजला, दोघांनी माना वळवल्या. वाजायचा थांबला. पुन्हा बघितलं तर पट्ट्यावर सरळ खूण होती. तळाशी अजून पाणी झिरपत होतं. मिस्त्रीने टेपने मोजलं. तुटलेला ठोकळा दर सव्वादोन मीटरला येत होता. त्या चाकाचा घेर तेवढाच.

“बाहेर गेला ना?” जवानाने विचारलं.

मिस्त्री म्हणाला, “हो.”

हे त्याचं दुसरं खोटं. बाण बाहेर म्हणजे धाकटा आत गेला होता, हे जगात त्याला एकट्यालाच कळत होतं. दर रविवारी साडेबाराला आत. बाहेर येण्याची खूण एकही नाही.

सोमवारी सकाळी त्याने शटर वर केलं आणि तसाच उभा राहिला. टिक... टिक... टिक. धाकट्याच्या मागच्या चाकाचा आवाज. चार महिन्यांत ऐकला नव्हता. भिंतीवरचं चाक थांबण्याच्या बेतात होतं. शेवटची टिक झाली आणि थांबलं. टायरच्या खाचांत लाल चिखल होता. त्याने बोट लावलं. ओला.

तो आठवडा त्याचा कसा गेला ते त्यालाच ठाऊक. आईच्या समोर तीनदा बसला. पहिल्यांदा ती भाजी निवडत होती, म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्यांदा ती हसत होती, कितीतरी दिवसांनी, म्हणून नाही सांगितलं. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, काय रे? तो म्हणाला, काही नाही.

शनिवारी त्याने चाक खाली उतरवलं. टायर काढला, पुसला, सुलटा बसवला. दहा मिनिटांचं काम. पाच महिने आधी करायचं होतं. बाण पुढे आहेत हे चारदा तपासून चाक पुन्हा टांगलं, आणि खाली फरशीवर बसून रडला.

रविवारी साडेबाराला पट्टा कोराच राहिला. एक वाजला, दोन वाजले. एकेक करून सगळे निघाले, बिल्ले खाली आले. मिस्त्रीने स्वतः मोजले. तीनला जवान बावट्याची दोरी सोडवायला गेला. मिस्त्रीची नजर क्षणभर त्या दोरीकडे गेली.

टिक टिक टिक टिक. अगदी कानाजवळून.

पट्ट्यावर खूण होती. एक ठोकळा नसलेली. बाण बाहेर.

आता बाण खरं सांगत होता.

खूण फाटकातून डांबरी रस्त्यावर आली होती. चिखलाचे लाल ठिपके, दर सव्वादोन मीटरला. मिस्त्री सायकल हातात धरून त्यांच्यामागे चालत निघाला. ठिपके पुसट व्हायचे, तो थांबायचा, वाकून शोधायचा, पुन्हा सापडायचे. पुलावरून. शाळेच्या भिंतीला लागून. दुकानावरून, न थांबता. मग त्याला कळलं कुठे चाललेत ते.

वाटेत तो वाक्य जुळवत होता. आई, टायर मी उलटा बसवला होता. नको. आई, सुभेदारांची चूक नव्हती. हेच पहिलं. आज सांगायचंच. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत वाक्य तयार झालं होतं.

ठिपके पायरीपर्यंत होते. दार सताड उघडं.

आत सुभेदार बसले होते. धाकट्याच्या खुर्चीत, जिच्यावर आई कुणाला बसू देत नव्हती. चष्मा काढून हातात घेतलेला, डोळे लाल. आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती.

“यांना मीच बोलावलं,” आई म्हणाली. “शेजारणीच्या फोनवरून. पाया पडत होते, तर पडू देईनात.”

मिस्त्री उंबऱ्यातच उभा राहिला. आईने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“टायर उलटा होता, हे तू मला का नाही सांगितलंस?”

त्याने सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही आत्ताच कळलं होतं, आईकडूनच.

“तुला कुणी सांगितलं?” मिस्त्रीने विचारलं.

आई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “म्हटलं, बस जरा. दादा येईल एवढ्यात. तर म्हणे, चर अर्धाच राहिलाय.”

मिस्त्री पायरीवर वळला. ठिपक्यांच्या शेजारी दुसरी रांग होती, येताना त्याला न दिसलेली. ताजी. चिखलात बाण उमटलेले, रस्त्याकडे. आल्या वाटेने परत.

फाटकावर सगळे बिल्ले खाली होते. त्याने स्वतः मोजले होते.

आईसमोर फरशीवर तीन कप होते. तिचा रिकामा. सुभेदारांचा भरलेला, साय धरलेला. तिसऱ्यात बोटभर चहा उरला होता, आणि त्यातून अजून वाफ निघत होती.

चार वाजले. लांब टेकड्यांमध्ये पहिला बार झाला, आणि त्या बोटभर चहावर एक बारीक गोल तरंग उठला.