सातवी मूठ

किल्लीच्या, म्हणजे किल्लीनं बंद होणाऱ्या, खिडकीच्या मुठी मी दुकानात ठेवत नाही. तुम्हाला त्याच हव्या असतील तर कडीना गावाला जा, तिथल्या मोठ्या दुकानात भिंतभर टांगलेल्या आहेत. माझ्याकडे साध्या मिळतील, पितळी किंवा काळ्या, कुणालाही आतून फिरवता येतील अशा. का ते विचारलंत म्हणून सांगते. बसा, किटली ठेवलीच आहे.

खिडकीची मूठ घेताना दोनच गोष्टी बघायच्या. झडप कुठल्या बाजूला उघडते, म्हणजे मूठ डावी लागणार की उजवी, आणि स्क्रूच्या दोन भोकांत अंतर किती. नजरेचा अंदाज इथं हमखास चुकतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, जुनी मूठ काढून सोबत आणा.

रॉस ट्रेंबाथ आला तेव्हा त्याच्याजवळ जुनी एकही नव्हती.

जून महिना होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा. बंदरावरून बोचरा वारा येत होता, दुकानाचं दार मी लावूनच घेतलं होतं. रॉस माझ्याच वर्गात होता शाळेत. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला, "सात हव्यात, लिन. आईच्या घराला. काळ्या, किल्लीच्या. घर विकायला काढलंय, आणि एजंट म्हणतो, खिडक्यांना मुठीच नाहीत हे गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही."

"जुन्या कुठं आहेत?"

"टाकल्या."

"सातही?"

"मग काय एक टाकून सहा जपून ठेवू? डावी-उजवी तूच बघ. घर तुला माहीत आहे."

मी वहीत सात मुठी लिहून घेतल्या.

घर मला चांगलं माहीत होतं. त्याची आई, एल्मामावशी, माझ्या आईची मैत्रीण. दोघी चर्चमध्ये शेजारी उभ्या राहून गायच्या. आई गेल्यावरही दर उन्हाळ्यात एल्मामावशीच्या अंजिराच्या जामची बरणी या काउंटरवर यायची. मी साठीला आले तरी ती मला 'पोरी' म्हणायची.

त्याच वर्षी जानेवारीत, भर उन्हाळ्यात, तिनं मला तीन वेळा फोन केला होता.

पहिल्यांदा म्हणाली, "पोरी, माझ्या खिडक्यांना मुठी नाहीत गं. येऊन बसवशील?" मला वाटलं, एखादी सैल झाली असेल. मी रॉसला फोन केला. तो म्हणाला, "मीच काढल्यात. तिचं डोकं ठिकाणावर नाही, लिन. खिडकीतून उतरून जेटीपर्यंत गेली होती, नाइटगाऊनवर. मी संध्याकाळी जातोच की तिच्याकडे. तू नादी लागू नकोस."

मी नादी लागले नाही. दुसऱ्या फोनला काहीतरी कारण सांगितलं.

तिसरा फोन शनिवारी आला. तिचा आवाज कोरडा झाला होता, शब्द चिकटून येत होते. "सगळ्या नको बसवूस," ती म्हणाली. "एक बसव. समोरच्या खोलीची. एक पुरे."

मी म्हटलं, "सोमवारी येते, मावशी."

रविवारी पारा सेहेचाळीसवर गेला. त्या दिवशी रॉस मासेमारीला गेला होता. जाताना त्यानं पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना बाहेरून कुलपं घातली होती, आणि वीज वाया जाते म्हणून एसी तर उन्हाळाभर बंदच ठेवला होता. सोमवारी सकाळी ती समोरच्या खोलीत खिडकीखाली सापडली.

गावानं हळहळ केली. उन्हाळा फार कडक, आणि वयही सत्त्याऐंशी, असं म्हणाले. बायकांनी रॉसच्या घरी झाकलेली ताटं पोचवली. मुठींचा विषय कुणी काढला नाही. काढणार कोण? मुठी नव्हत्या हे ठाऊक असलेली माणसं दोनच, एक तो आणि एक मी. मीही दफनाच्या दिवशी काळा ड्रेस घालून गेले, त्याचा हात हातात घेतला आणि गप्प राहिले.

पाच महिने मी राग बाळगून होते. त्यातला किती त्याच्यावर होता आणि किती स्वतःवर, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तो माझ्या काउंटरवर टेकून काळ्या की चंदेरी, हे निवडत होता, आणि मी त्याला दोन्ही नमुने दाखवत होते.

"उद्या दुपारी येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमारास गेले. आकाश ढगाळलेलं, स्वेटरवर जाकीट घालूनही कुडकुडायला होत होतं. रस्त्यापलीकडच्या घरात एप्रिलमध्ये थिओ व्लाहोस नावाचे निवृत्त गृहस्थ राहायला आले होते. ते अंगणातली पानं गोळा करत होते, त्यांनी हात हलवला. मीही हलवला.

घर रिकामं होतं. मागच्या बाजूच्या सहा मुठी भराभर बसल्या. रॉस माझ्या मागं मागं फिरत होता, खिशात हात घालून.

"बापाचा हात आहे तुझा," तो म्हणाला. "तोंड मात्र तेवढं चालत नाही आज."

"काम करताना बोलत नाही मी."

"शाळेत तर थांबायची नाहीस."

मी सातवी मूठ घेतली आणि समोरच्या खोलीचं दार उघडलं.

आत उकाडा होता. हीटरची असते तशी ऊब नव्हे. बंद मोटार भर उन्हात उभी करून दार उघडावं, तसा झोत अंगावर आला. तापलेल्या रंगाचा वास, धुळीचा, आणि त्याखाली टाल्कम पावडरचा गोडसर वास. मी जाकीट काढलं. मागं बघितलं तर रॉस उंबऱ्यातच थांबला होता.

"इथं काही चालू ठेवलंयस का?"

"वीजच तोडलीय," तो म्हणाला. "काचेतून ऊन येत असेल."

बाहेर ऊन नव्हतं.

मी खिडकीपाशी गुडघ्यावर बसले. जुन्या भोकांत त्यानं पुट्टीची लांबी भरून वर पांढरा रंग मारला होता. पण लाकूड खडबडीत लागत होतं. मी रंग थोडा खरवडला. भोकांच्या भोवती, मूठ जिथं असायची तिथं, लाकडात बारीक बारीक अर्धगोल खाचा होत्या. वीसेक तरी असतील. चमच्याच्या टोकाच्या. ती भोकात चमचा अडकवून आतली कडी मागं सरकवायला बघत होती. खाचा वरून खाली येत गेल्या होत्या. शेवटच्या दोन बसलेल्या माणसाच्या उंचीवर होत्या.

"हे लांबीनं बुजवताना तुला दिसलं नाही?" मी विचारलं.

"काय?"

"इकडे ये आणि बघ."

"लिन, मूठ बसव आणि मोकळी हो."

मी बसवली. स्क्रू पिळताना धातू बोटांना चटके देत होता, मला फडकं गुंडाळून धरावं लागलं. किल्ली घालून पाहिली, दोन्हीकडे फिरली. मूठही लोण्यासारखी फिरली. किल्ली तशीच आत ठेवून मी म्हटलं, "मी बाहेर जाऊन झडप चौकटीला लागते का ते बघते. तू आतून मूठ फिरव आणि ढकल."

हातोडी घेऊन मी बाहेर गेले. गाडीत रेडिओ चालू राहिला होता, अडीचच्या बातम्या सुरू होत होत्या.

खिडकीसमोर उभी राहिले. रॉस खोलीत आला, काचेपाशी उभा राहिला. "फिरव," मी म्हटलं.

त्यानं मूठ धरली आणि झटकन सोडली. हात झटकला, हसला. स्वेटरच्या बाहीत हात गुंडाळून पुन्हा धरली. मूठ हलली नाही. किल्ली इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"कसली भंगार मूठ दिलीस," काचेतून त्याचा आवाज दबून आला.

त्याच्या मागं खोलीचं दार लागलं. वाऱ्यानं लागलं असेल. तो वळून गेला, दार ओढलं, पुन्हा ओढलं. मग परत आला. आता स्वेटर काढला होता. कपाळावरून घाम थेंबाथेंबानं भुवयांत उतरत होता.

"दार अडकलंय, लिन... मागून ये. धक्का मार."

मी हलले नाही. खरं सांगते, काही लपवत नाही. हातोडी माझ्या हातात होती आणि काच माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी त्याचं तोंड बघत होते. ओठ पांढरे पडत होते. तो काचेवर तळवे आपटायला लागला. मग बोटांच्या पेरांनी त्या मुठीच्या भोवती खरवडायला लागला.

मनात म्हणत होते, मावशी, हा राग तुझा आहे, तुझा हक्क आहे, मी मधे पडणार नाही. थोडा वेळ त्यालाही कळू दे.

तो काहीतरी म्हणाला. ओठांवरून कळलं. म्हणाला, "एक... फक्त एक..."

पुढे काय हवं होतं ते त्याला बोलता आलं नाही. तो गुडघ्यावर आला, काचेखाली दिसेनासा झाला. तेव्हा कुठं माझा हात उचलला गेला. मी काच फोडली. आतून जो झोत आला त्यानं माझ्या भुवया करपल्या.

मी फोन केला, रुग्णवाहिका लगेच आली. तिच्यातून उतरलेल्या परिचारिका बाईनं फुटक्या काचेतून हात घालून एका बोटानं मूठ फिरवली, झडप उघडली आणि आत उतरली. रॉसचा ताप एकेचाळीसच्या वर होता. जीभ सुजून फाटली होती.

"कुठल्या भट्टीत काम करत होता हा?" तिनं विचारलं. तिच्या तोंडातून थंडीनं वाफ निघत होती, त्या खोलीत उभी असताना. "किती वेळ आत होता?"

"दोन-तीन मिनिटं," मी म्हटलं.

"दोन-तीन मिनिटांत असं होत नाही," ती म्हणाली.

रॉस वाचला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्यानं पोलिसाला बोलावून घेतलं आणि 'मुठी मीच काढल्या, कुलपं मीच घातली,' असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मीही गेले आणि तिन्ही फोनचं सांगितलं. पुढं त्याचं काय झालं ते गावाला माहीत आहे. तो आता बहिणीकडे असतो, आणि म्हणतात की तो रात्रंदिवस व्हरांड्यातच असतो, कडाक्याच्या थंडीतही आत जात नाही. मला वाटलं, झालं ते बरं झालं. उशिरा का होईना, मावशीचा राग शांत झाला.

पण त्या घटनेनंतरच्याच शनिवारी थिओ व्लाहोस दुकानात आले. त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीला मूठ हवी होती, जुनी सोबत आणली होती, रुमालात बांधून. मी मापाची शोधत होते. ते जरा घुटमळले.

"तुम्हाला विचारायचं होतं," ते म्हणाले. "माणूस बरा आहे ना तो? मी खरं तर आधीच यायला हवं होतं. पण मला वाटलं, तुमचं घरचं काहीतरी भांडण चाललंय. चाळीस मिनिटं म्हणजे फार झाली."

"कसली चाळीस मिनिटं?"

"तुम्ही खिडकीसमोर उभ्या होतात ती. मी अख्खं अंगण झाडून काढलं, कचऱ्याचे दोन डबे भरले. तुम्ही तिथंच."

मी म्हटलं, "भांडण कुणाशी? मी एकटीच होते."

मला सांगायला अवघड वाटत असेल, असं समजून ते हळू आवाजात बोलले.

"त्या म्हाताऱ्या बाईंशी. तुमच्या आई असतील, असं मला वाटलं. अनवाणी होत्या, पातळ नाइटगाऊनवर... एवढ्या थंडीत. त्या तुमचा हातोडीचा हात धरून काचेकडे ओढत होत्या. सारख्या ओढत होत्या. रडत होत्या हो. आणि तुम्ही त्यांना झिडकारत होतात. एकदा तर कोपरानं ढकललंत. वाऱ्यावर तुमचा आवाज आला मला..."

"काय म्हणत होते मी?"

"'अजून नाही,'" ते म्हणाले. "'अजून नाही.' तेवढंच."

मूठ त्यांच्या जुन्या मुठीच्या मापाची निघाली. ती घेऊन ते गेले. मी दुकान लावून घेतलं आणि घरी जाऊन, धुवायच्या कपड्यांत तळाशी पडलेला त्या दिवशीचा स्वेटर बाहेर काढला. उजव्या बाहीवर, मनगटाच्या जरा वर, लोकर करपून तपकिरी झाली होती. चार बारीक पट्टे एका बाजूला, आणि पलटून पाहिलं तर दुसऱ्या बाजूला एक, अंगठ्याएवढा.