टर्बोचं बटण

मंगळवार पेठेतली सयाजीची पिठाची गिरणी दुपारी एक ते चार बंद असे. खाली गिरणी, वर दोन खोल्या. जातं थांबलं, पट्टा लोंबता झाला, की वरून दुसरा आवाज सुरू व्हायचा. टुक. टुक. टुक. चुकून दुपारी दळण घेऊन आलेली बाई डबा तिथंच ठेवून म्हणायची, "बसल्या वाटतं तानाबाई!"

कॉम्प्युटर घेतला होता मुलासाठी. शहाण्णव साली यशराज बारावीला गेला, तेव्हा एका बंद पडलेल्या क्लासकडून जुनाच आणलेला. सोबत एक फ्लॉपी आली, तिच्यात एक खेळ. झाडावर माकड, खाली टोपली घेतलेला माणूस. माकडानं नारळ टाकायचा, माणसानं झेलायचा. झेलला की टुक, पडला की भॉक. तीन पडले की खेळ संपला. पायरी चढेल तसा नारळांचा वेग वाढे. यशराज चौथ्या पायरीला कंटाळला. त्याची आई अकराव्या पायरीला गेली.

सातवी शिकलेली बाई. पदर खोचून, दोन बोटं बटणांवर ठेवून बसायची, आणि बोटं हलतात की नाही असं वाटावं इतकी कमी हलायची. गल्लीतली पोरं जिन्यात दाटीवाटीनं बसून बघत. "काकूंचा नाद करायचा न्हाय!" असं ओरडत. एकदा कुणीतरी विचारलं, एवढं जमतं कसं? ती म्हणाली, "नारळ बघून काय हुतंय? माकडाचा खांदा बघायचा. पोरगं कुठं पळणार ते आधी त्याच्या खांद्यात कळतंय. तसंच."

सयाजी शेजारी चटईवर डोळे मिटून पडलेला असे. पीठ बारीक पडतंय की जाड, हे त्याला जात्याच्या आवाजावरून कळायचं. तसंच आता ती कितव्या पायरीवर आहे, हेही कळायचं. अभिमानानं ऊर भरून यायचा. तोंडानं मात्र तो एवढंच म्हणायचा, "झालं का माकडाचं?"

"झोपा की गप. तुमच्यानं दुसरी पायरी न्हाय हुईत."

ते खरंच होतं.

दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यात तिच्या हातातली कपबशी वाजायला लागली. "गिरणी चालू हाय न्हवं खाली, म्हणून वाजतीय," ती म्हणाली. त्यालाही पटलं. मग एका सुट्टीच्या दिवशी, गिरणी बंद असताना, बशी तशीच वाजली. मिरजेच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. हातांपासून सुरू होतो आणि थांबत नाही, म्हणाले.

नारळ पडायला लागले. दहाव्या पायरीला, मग आठव्या, मग पाचव्या. ती तक्रार करत नसे. नुसती उठून भांडी घासायला जाई. ते सयाजीला बघवेना.

त्या मशीनच्या डब्यावर एक बटण होतं. टर्बो. दाबून आत बसवलं की पिवळा दिवा विझायचा आणि मशीन निम्म्या वेगानं चालायचं. यशराजनं कधीतरी सांगितलं होतं. एका दुपारी तिचा पहिला नारळ पडला, तसा सयाजी फडकं घेऊन उठला, डब्यावरची धूळ पुसली आणि पुसता पुसता बटण दाबलं. टक.

त्या दिवशी ती नवव्या पायरीला गेली. "बघितलासा? हात वळला परत," म्हणाली.

मग रोजचंच झालं. पहिला नारळ पडला की फडकं. खेळ संपला की बटण परत बाहेर. गिरणीवाल्याच्या घरात धुळीला तोटा नव्हता.

दोन हजार चारच्या श्रावणात ती गेली. पंधरवड्यानं मशीनही गेलं. सुरू करायला गेला तर आतून जळाल्याचा वास आला. सयाजीनं बटण बाहेर आहे ना, हे बोटानं चाचपून बघितलं. निदान तिचा वेग तिला परत मिळू दे, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. मग त्यानं डबा तिनंच शिवलेल्या वाकळेत गुंडाळला, वर सुतळी आवळली आणि माळ्यावर ठेवला.

दोन वर्षांनी यशराजनं बेंगळुरूहून नवा कॉम्प्युटर पाठवला, नातवाचे फोटो बघायला. सयाजीनं फोटो बघितले. दुसऱ्या दिवशी कपाटातली फ्लॉपी घेऊन तो श्रुतीच्या दुकानात गेला. श्रुती कांबळे पेठेच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करायची. लहानपणी जिन्यात बसणाऱ्या पोरांत सगळ्यात पुढं तीच असे.

"ह्यो खेळ नव्या मशीनवर चालंल का गं?"

श्रुतीनं फ्लॉपी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "काकूंचा? चालवतोच की. न चालून सांगतोय कुणाला!"

दुपारी ती आली. खेळ सुरू केला आणि बटणांकडे हात नेईपर्यंत भॉक-भॉक-भॉक होऊन संपलासुद्धा.

"जुन्या खेळाला सवताचं घड्याळ न्हाय, काका," ती हसत म्हणाली. "मशीन पळंल तसा त्यो पळतोय. आणि हे मशीन लई पळतंय."

मग तिनं वेगाला लगाम घालणारं काहीतरी बसवलं. नारळ सावकाश पडायला लागले, पण अडखळत. मधेच हवेत थांबायचे, मधेच दोन एकदम यायचे.

"जात्यात खडा आल्यागत वाजतंय," सयाजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ती नवीनच युक्ती घेऊन आली. नव्या मशीनच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग उभं करायचं आणि खेळ त्यात चालवायचा. त्या सोंगाला किती वेगानं पळवायचं, तो आकडा आपण ठरवायचा. "किती ठेवू सांगा," ती म्हणाली. सयाजी पूर्वीसारखा चटईवर पडला आणि डोळे मिटले.

"वाईच कमी. अजून. लई झालं, वाढीव. थांब."

टुक. टुक. टुक. कुठं अडखळणं नाही, घाई नाही.

"हेच," तो म्हणाला, आणि भिंतीकडे कूस वळवून बराच वेळ तसाच पडून राहिला. श्रुतीनं आकडा पक्का केला. "आता मी हात लावल्याबिगर ह्यात काय बदल हुणार न्हाय," असं सांगून ती हळूच जिना उतरून गेली.

अकराव्या पायरीच्या पुढं काय आहे, ते तानाबाईनं बघितलं नव्हतं. तेवढं तिच्यासाठी बघायचं, असं सयाजीनं ठरवलं. दुसरं काही ठरवण्यासारखं उरलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात तो तिसऱ्या पायरीला जाऊन पडायचा. तेव्हा कळलं, बाईनं काय केलं होतं ते. दोन बोटांत एवढं काम! नारळ बघायचं सोडून तो माकडाचा खांदा बघायला शिकला. दिवाळीला सहावी पायरी आली, संक्रांतीला नववी. इकडं दळण तोलताना पीठ सांडायला लागलं होतं, सदऱ्याच्या गुंड्या लावायला वेळ लागत होता. पण वय झालं म्हणायचं. खेळात तर हात वळत होता.

दहावी पायरी झाली, तेव्हा त्याला राहवेना. त्यानं श्रुतीला दुपारी बोलावलं. "ये, बघ तरी. तुझ्या काकूच्या मागं एकच पायरी हाय मी."

श्रुती मागं उभी राहून बघत होती. आधी हसली. मग हसू गेलं.

"काका, खेळ लई हळू चाललाय."

"हळू कुठला? तूच लावलाईस न्हवं?"

तिनं आकडा काढून बघितला. तिनं ठेवलेला तोच होता. ती स्वतः खुर्चीवर बसली आणि एका हातानं, सयाजीकडे तोंड करून, न बघता नारळ झेलत राहिली. "ह्या वेगात आमची आज्जीबी अकरावीला जाईल."

"सुरवातीला बरोबर असतोय," सयाजी म्हणाला. "पयला नारळ पडला की मशीन जरा दम खातंय. टक करून वाजतंय. मला वाटलं, तुझीच कायतरी सोय असंल."

"टक?" श्रुती म्हणाली. "ह्यात टक करून वाजायसारखं कायच न्हाय, काका."

तिनं बटणांवरचा हात काढून घेतला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही फडकं घेऊन उठायचासा. मी जिन्यात बसलेलो असायचो. दिवा इझलेला मला दिसायचा." ती थांबली. "काकूंनाबी दिसायचा. मी सांगाय गेलो तर म्हणल्या, गप बस. त्येंच्या हातात तेवढंच हाय, ते तरी करू दे."



श्रुतीनं खेळ पहिल्यापासून सुरू केला. नारळ सरसर यायला लागले. तोच वेग, त्यानं चटईवर पडून ठरवलेला. चार झेलले. पाचवा तिनं मुद्दाम सोडला.

भॉक.

डोक्यावर, माळ्यावर, टक.

नारळ कापसासारखे खाली यायला लागले.

सयाजी शिडी लावून वर गेला. वाकळेवर धुळीचा थर होता, एकसारखा, कुठं बोट न लागलेला. सुतळीची गाठ त्यानंच मारलेली. ती सुटायला फार वेळ लागला. बोटं ऐकत नव्हती.

त्यानं वाकळ बाजूला केली.

बटण आत होतं.

तो खाली उतरला, तेव्हा श्रुतीनं चहा केला होता. तिनं कपबशी त्याच्या हातात दिली. बशी वाजायला लागली. त्यानं दुसरा हात लावला. तरी वाजतच राहिली.

"गिरणी चालू हाय न्हवं खाली," सयाजी म्हणाला, "म्हणून वाजतीय."

श्रुतीनं जिन्यातून खाली बघितलं. पट्टा लोंबत होता. चार वाजायला अजून अवकाश होता.