अभ्र्याच्या बदल्यात

धाकटीचं पोट तिच्या नाकावर चालायचं. साबणाच्या कारखान्यात ती वास पारखायची. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा, हुंगायचं आणि पुढची पट्टी घेण्याआधी आपल्याच कोपराच्या खोबणीत नाक खुपसायचं. स्वतःच्या अंगाच्या वासाने नाक कोरं होतं, ही तिथली जुनी रीत. म्हणून ताईने बाळंतपणानंतर जिवाला लागलेल्या घोरावर उपाय म्हणून उशीवर शिंपडायचं तेल सुरू केलं आणि बाटली दाखवायला आणली, तेव्हा धाकटीने आधी हुंगलं आणि मग नाक मुरडलं.

“लव्हेंडर आणि संत्र्याची साल. बरं वाटतं काहींना. पण डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नकोस.”

“नाही गं सोडत. पण तू बघ तरी माझ्याकडे.”

बघण्यासारखंच होतं. तान्ह्या चिऊचा श्वास चालू आहे ना म्हणून झोपेतून सारखी दचकून उठणारी ताई आता ढाराढूर झोपत होती. भावजींचा जीव भांड्यात पडला होता. धाकटीलाही आनंद झाला, पण तिने बहिणीला मिठी मारली आणि तो आनंद अर्ध्यावरच अडला. ताईला वासच नव्हता. तेलाचा नाही, दुधाचा नाही, घामाचाही नाही. धुतलेल्या पेल्यालासुद्धा याहून जास्त वास येतो.

चिऊ तर आईने जवळ घेतलं की मान फिरवायची आणि परक्याने उचलल्यासारखी किंचाळायची. अंगावर पीत नव्हती. भावजी बाटलीने पाजायचे, तेही जेमतेम घोटभर जायचं. पोरीचे गाल बसले होते.

“रडू दे. दमली की झोपेल,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता.

धाकटीने तेल कारखान्यात नेऊन तपासणीच्या यंत्रात घातलं. तिच्या नाकाने सांगितलं होतं तेच यंत्राने सांगितलं. त्यात काळंबेरं काही नव्हतं. तिच्या मनातली पाल मात्र चुकचुकतच राहिली.

“बाटली संपली की काय करतेस?” तिने ताईला विचारलं.

“उशीचा वापरलेला अभ्रा नेऊन द्यायचा. त्याच्या बदल्यात नवी मिळते.”

“मळका अभ्रा?”

“न धुतलेलाच लागतो. धुतलेला परत करतात.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघी चिऊला घेऊन तेलाच्या दुकानात गेल्या. दुकान लखलखीत होतं. मागच्या खोलीत काहीतरी मंद उकळत होतं. तेलवाली बाई हसतमुख होती, आणि धाकटीला नेमकं तेच आवडलं नाही.

“अभ्र्यांचं काय करता तुम्ही?”

“वाया नाही घालवत,” बाई म्हणाली. “काही गिऱ्हाइकांना उलटं हवं असतं, कुणाचातरी घोर हवा असतो.”

एवढं बोलून तिने ताईचा अभ्रा उचलला आणि ती आत गेली. फळीवर बिनचिठ्ठीच्या बाटल्या होत्या. धाकटीने एक उघडून पट्टीवर थेंब टाकला.

दूध. घाम. लहानपणी एका पांघरुणात झोपताना यायचा तो मानेचा वास.

तिने कोपरात नाक खुपसलं आणि पुन्हा हुंगलं.

ताईच.

तेवढ्यात चिऊ रडायची थांबली.

कोपऱ्यात एक पिकल्या केसांची बाई बसली होती. तिच्या हातात तशीच, अर्धी संपलेली बाटली होती. चिऊने दोन्ही हात तिच्याकडे पसरले.

“घ्या ना,” म्हणत ताईने पोर देऊनही टाकलं.

चिऊ तिच्या खांद्यात तोंड खुपसून पडली. बाईने बोट बाळाच्या नाकाखाली धरलं. “किती वाळलीय,” ती पुटपुटली. “कुठे होतीस गं चिऊ?”

नाव कुणीच सांगितलं नव्हतं.

“ताई, परत घे तिला.”

“कशाला? गप्प झाली ना.”

धाकटीने स्वतःच चिऊला ओढलं. एवढीशी पोर, पण तिने त्या बाईचा पदर मुठीत धरला आणि अशी किंचाळली की धाकटीचे हात आपोआप सुटले.

“थांबा हो, उपाशी आहे ती,” बाई कळवळून म्हणाली.

तिच्या ब्लाउजवर, पदराच्या कडेला, एक ओला डाग हळूहळू पसरत होता.