सातव्या नळीतलं घरटं

बागेच्या भिंतीवरल्या लाकडी ठोकळ्याला कान लावून ती उभी होती, तेव्हा मागून आवाज आला, "आतून कुणी 'कोण आहे' म्हणतंय का?"

तो सुतार होता. संशोधन केंद्राचे हे भोकाभोकांचे ठोकळे तोच बनवायचा. प्रत्येक भोकात कागदी नळी आणि नळीत एकटीनं राहणाऱ्या मधमाशीचं घरटं. केंद्रातली संशोधक म्हणून ती रोज या नळ्या तपासायची. त्या दिवसापासून ठोकळ्यांची दुरुस्ती फारच निघू लागली.

"ती बघा, सातव्या नळीपाशी," एका दुपारी ती कुजबुजली. "कोकीळमाशी. घरची माशी पराग आणायला गेली, की ही आत अंडं घालणार. मग हिचं पिल्लू सगळा साठा फस्त करणार."

"आयतोबाच की!"

"चोर आहे नुसती."

"चोर कसली... उलट ठेवून जाते." तो तिच्याकडेच बघत होता. "आणि घरच्या माशीला कळलंच नाही तर?"

"नाहीच कळत," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

चार दिवसांनी सातवी नळी चिखलानं बंद झालेली दिसली. घरटं पुरं झालं होतं. आत कोकीळमाशीचं अंडं असल्याचा संशय असला, की नळी पुढच्या हंगामापर्यंत न उघडता वेगळी ठेवायची, असा तिथला नियम होता. तिनं नळी डब्यात ठेवली.

त्या शनिवारी तो ठोकळ्यापाशी बराच वेळ उभा होता. तिनं कोठीच्या खिडकीतून पाहिलं, केस सारखे केले. येईलच आत... तो आला नाही. पुढं ठोकळे घेऊन त्याचा थोरला भाऊ येऊ लागला.

"धाकट्याचं लग्न झालं," वर्षभरानं तो म्हणाला. "परगावीच असतो आता."

तिनं "अरे वा" म्हटलं. जीव तुटला, पण कामं थोडीच थांबतात! हंगाम आला, डबा उघडला. सातव्या नळीत माशी नव्हती, चिठ्ठीची सुरळी होती.

'मीही ठेवून जातोय. तुम्ही रोज तपासता, सापडेलच. हो असेल, तर शनिवारी ठोकळ्यापाशी या. नाही आलात, तर पुन्हा त्रास देणार नाही.'

तिनं नळीचं तोंड उजेडात धरलं. वाळलेल्या चिखलावर अंगठ्याचा स्पष्ट ठसा होता. माश्यांमध्ये जन्म घालवलेल्या बाईला तेवढाही दिसू नये! आणि नळीवर तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं — 'परकं अंडं. उघडू नये.'