दोर किंचित दमट

"अहो बाई, पाय! पाय उचला!"

नोंदबाई दचकून एका पायावर उभी राहिली. हातात छत्री, काखेत वही आणि एक पाय अधांतरी... खाली पाहिलं तर गवतावर मनगटाएवढा जाड दोर लांबच लांब पसरलेला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक उंच तरुण धावत येत होता. जणू तिने त्याच्या तान्ह्या बाळावर पाय दिला होता.

"दोरावर पाय देत नाहीत," तो धापा टाकत म्हणाला.

"मग द्यायचा तरी कुठे? अख्खं मैदान तुमच्या दोराने अडवलंय."

"आमचा कुठला? दोघांचा आहे." तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटत होता. "तुम्ही पलीकडच्या ना?"

"आम्ही अलीकडचे. पलीकडचे तुम्ही!"

हे भांडण काही त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं. नदीच्या दोन काठांवर दोन विद्यापीठं, मध्ये एक पूल आणि अडुसष्ट वर्षांचं वैर. दोन्हीकडचे लोक स्वतःला अलीकडचे म्हणवत आणि समोरच्यांना पलीकडचे. धावणं, पोहणं, हॉकी... सगळ्यातच चुरस, पण दरवर्षीच्या क्रीडामहोत्सवाचा शेवट व्हायचा तो रस्सीखेचीने. बाकीची सगळी पदकं मिळाली आणि दोर हरला, तर त्या रात्री कुणाला जेवण गोड लागत नसे. एका वर्षी पूल दुरुस्तीला होता, म्हणून दोन काठांवर उभं राहून ओढाओढी झाली. हरलेला संघ, त्याचा प्रशिक्षक आणि प्रशिक्षकाचा चष्मा एकदमच नदीत गेले. एका वर्षी सामना एक्केचाळीस मिनिटं चालला. आणि एका वर्षी जिंकलेल्यांनी आपल्याकडे ठेवलेल्या दोराला चक्क साबण फासलेला निघाला! तेव्हापासून नियमच झाला. हरणाऱ्याने वर्षभर दोर सांभाळायचा आणि जिंकणाऱ्याने महिन्यातून एकदा येऊन, तो तपासून, वहीत शेरा लिहायचा.

गेली अकरा वर्षं जिंकत होते ते नोंदबाईचे लोक. संघाचा प्रशिक्षक म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. ती तिथल्याच क्रीडा विभागात नोंदी ठेवायची, म्हणून सगळे तिला नोंदबाई म्हणत. दोर तपासणाऱ्या काकांचे गुडघे यंदा संपावर गेले आणि हे काम तिच्या गळ्यात पडलं. समोरचा तरुण पलीकडच्या खेळसाहित्याची कोठी सांभाळायचा. त्याला सगळं मैदान दोरवाला म्हणून ओळखायचं.

ती वाकून दोरावरून हात फिरवायला लागली, आणि तेवढ्यात चार टपोरे थेंब पडले.

"दोर!" तो ओरडला. "तुम्ही त्या टोकाकडून गुंडाळत या, मी या टोकाकडून येतो. पळा!"

तिने कधी साधी सुतळी गुंडाळली नव्हती. पण पळाली. वेटोळ्यावर वेटोळं घालत ती पुढे येत होती, समोरून तो येत होता, आणि मधला दोर आखूड होत होता... आखूड होत होता... शेवटी मध्यावरची लाल पट्टी तेवढी उरली. दोघंही धापा टाकत होते. त्याच्या भुवईवरून एक थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला, आणि तो पुसून टाकावा असं तिला फार वाटलं.

"छत्री..." तो म्हणाला.

"काय?"

"तुमच्या हातात छत्री होती."

छत्री मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उलटी पडून इमानेइतबारे पाणी साठवत होती. दोघंही खो खो हसत सुटली.

कोठीत चुन्याच्या फकीचा आणि तेल दिलेल्या लाकडाचा वास होता. दोर खडखडीत कोरडा निघाला. आता वहीत 'उत्तम' लिहायचं आणि निघायचं. निघायचं, ते थेट महिनाभरासाठी... तो पाठमोरा उभा राहून स्वतःच्या पंच्याने तिची छत्री पुसत होता, एकेक काडी, अगदी निगुतीने. नोंदबाईने पेन उचललं. आयुष्यात कधी एक आकडा चुकीचा न लिहिलेल्या तिच्या हाताने लिहिलं: 'दोर किंचित दमट. आठ दिवसांनी पुन्हा तपासणी.'

त्याने शेरा वाचला. दोराकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिचे कान तापले. तो खाली वाकला आणि सांभाळणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मान्य.'

'बिचारा भोळाच आहे,' तिच्या मनात आलं.

त्यानंतर त्या दोराला काय काय झालं म्हणून सांगावं! कधी तो 'मध्यभागी सैल' असायचा, कधी 'टोकाकडे रुसल्यासारखा'. आणि दर खेपेला खाली मुकाट्याने 'मान्य'.

"हा 'एक धागा संशयास्पद' म्हणजे काय हो?" एकदा त्याने विचारलं.

"म्हणजे... त्याच्या वागण्यावर नजर ठेवायला हवी."

"मी ठेवतोच आहे. तुम्हीही ठेवत जा."

"मी तर दर आठवड्याला येते!"

"हो ना," तो वहीत डोकं घालून म्हणाला, "आठवडासुद्धा फार मोठा असतो."

एक दिवस त्याने तिला कोठीची पायरी दाखवली. "अकरा वर्षं आमची मुलं हरली की इथे येऊन बसतात. मोठे मोठे पहिलवान, पण रडतात. यंदाचा संघ चांगला जमलाय. यंदा त्यांना इथे हसताना पाहायचंय मला."

त्याचं हे म्हणणं तिच्या जिवाला लागलं. घरी दादासमोर मात्र ती मूग गिळून बसली.

दादाने पलीकडच्यांचा सराव पुलावरून चोरून पाहिला होता आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. सामन्याला दोन दिवस उरले असताना तो ती वही आणि जुनी नियमावली नाचवत आला.

"ठमे, तू तर कमाल केलीस! कलम चौदा. वर्षात तीन वाईट शेरे पडले, तर सांभाळणाऱ्यांचा संघ बाद. तू तर नऊ लिहिलेस! उद्या समितीपुढे तक्रार टाकतो."

जगाच्या नोंदी ठेवणारीने नेमकं तेच पान वाचलं नव्हतं.

"दादा, त्याला काही अर्थ नाही रे..."

"अर्थ नाही? त्या शहाण्याने प्रत्येक शेऱ्याखाली स्वतः 'मान्य' लिहिलंय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्हीकडची समिती बसली. अध्यक्ष होत्या सुसाटबाई. त्यांचा शंभर मीटरचा विक्रम चाळीस वर्षांत कुणी मोडला नव्हता, आणि त्यांचा धाकही. टेबलावर दोर. एका बाजूला दादा, समोर लालबुंद झालेले पलीकडचे प्रशिक्षक, आणि दाराशी मान खाली घालून दोरवाला. खरं बोलावं तर नोकरीवर गदा, वर घरादाराची शोभा. गप्प बसावं तर त्या मुलांनी यंदाही पायरीवरच बसायचं, तेही न खेळता... आणि या माणसाच्या हातून दोर बिघडला असं कायमचं वहीत राहायचं.

नोंदबाई उठली.

"दोर कोरडा होता. नऊच्या नऊ वेळा."

"मग दमट का लिहिलंस?" सुसाटबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पुन्हा... येता यावं म्हणून."

"कशाला?"

"दोर बघायला."

"कोरडा दोर?"

"नाही..." आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "दोरवाल्याला."

दादाने आ वासला, तो तसाच राहिला. कुणीतरी खोकलं. सुसाटबाई दाराकडे वळल्या.

"आणि तू रे? दोर कोरडा आहे हे तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं, बाई. माझ्या हातात तो कधी भिजला नाही."

"मग खोट्या शेऱ्याखाली 'मान्य' का लिहिलंस? संघ बाद झाला असता!"

"कलम चौदा मलाही ठाऊक नव्हतं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा सरळ नोंदबाईकडे पाहिलं. "हे ठाऊक होतं की वाद घातला तर मी खरा ठरेन... आणि मग त्या महिनाभर येणार नाहीत."

म्हणजे भोळी होती ती! इतक्या माणसांत तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

सुसाटबाईंनी दोराला गाल लावून पाहिला. "कोरडा ठणठणीत. तक्रार फेटाळली, सामना होणार. पण खोटी नोंद ती खोटी नोंद. नोंदबाई, यापुढे तू तपासणीला जायचं नाहीस."

सामन्याच्या दिवशी तिने ओठांनी दादाच्या संघाला ओरडून ओरडून साथ दिली. मनातून ती कुणाच्या बाजूने ओढत होती, ते तिचं तिला ठाऊक. चौदा मिनिटं लाल पट्टी इकडे नाही की तिकडे नाही. मग ती बोटभर सरकली, वीतभर सरकली, आणि दादाचा संघ एकामागोमाग चिखलात बसला. पलीकडचे पहिलवान कोठीच्या पायरीवर चढून नाचले. दोरवाला त्यांच्या मधोमध होता, आणि त्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता.

संध्याकाळी दादा चिखलाने माखलेला घरी आला. खांद्यावर दोर.

"हरलेल्याने सांभाळायचा," तो घुश्शात म्हणाला. "तुला तपासायला बंदी आहे. सांभाळायला नाही ना?" आणि आपल्या विभागाच्या कोठीची किल्ली तिच्या ओंजळीत टाकून, तिच्याकडे न बघताच आंघोळीला गेला.

महिना कुठला, आठव्याच दिवशी पलीकडचा नवा तपासनीस कोठीच्या दारात हजर!

"इतक्या लवकर?" ती म्हणाली.

"कुठे? आठ दिवस झाले की!" त्याने दोराला हातही लावला नाही. वही ओढली आणि बराच वेळ लिहीत राहिला.

तिने वाचलं. 'दोर उत्तम. तपासनीसाची रीतसर घरी येऊन मागणी घालण्याची इच्छा आहे. हरकत असल्यास कळवावे.'

"अक्षर वाईट आहे तुझं," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तुझं' म्हणाली, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं. मग तिने पेन घेतलं आणि सांभाळणाऱ्याच्या रकान्यात, ठळक, तारखेसह लिहिलं: 'मान्य.'

शाई वाळायच्या आत दादाने दारातून डोकं घातलं. "काय रे, दोर कसा आहे?"

"कोरडा!" दोघंही एकदमच म्हणाली.