गाण्यातून गळलेलं नाव

“अरे, आवाज वाढव! सुरू झालं!” खैरा ओरडली.

बेनाउदाने रेडिओचं बटण फिरवलं. कादाने हातातला करान्तिकाचा, हरभऱ्याच्या पिठाच्या वडीचा, पाव अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला, म्हणजे चावताना मध्ये थांबायला नको!

खैरा बारा वर्षांची आणि बेनाउदा तिच्याहून एका वर्षाने मोठा. मोठा भाऊ असल्याची आठवण तो दिवसातून दहा वेळा तरी करून देई. कादा हा त्यांचा मावसभाऊ, वय दहा, खास सुट्टीसाठी मास्कराहून ओरान बंदराच्या शहरात आलेला. १९८६च्या त्या उन्हाळ्यात सगळ्या शहरात एकच गाणं वाजत होतं, शेब जलूल या गायकाचं! न्हाव्याकडे तेच, बसमध्ये तेच, आणि मासे विकणारेही तेच गुणगुणत गिऱ्हाइकाला शिळे मासे गळ्यात मारत होते.

“तर जलूल,” रेडिओवरच्या बाईंनी विचारलं, “ऐकणाऱ्यांना सांग, हे गाणं जन्माला कसं आलं?”

“काय सांगू, बाई! बंदराच्या पायऱ्यांवर एक मुलगी दिसली. निळा रुमाल बांधलेली. मी घरी गेलो आणि एका बैठकीत गाणं लिहून टाकलं!”

“वा!” कादा भरल्या तोंडाने म्हणाला.

मग गाणं लागलं. “ए समुद्रा, दार उघड, ला ला ला...”

खैराचं लक्ष मात्र अंगणापलीकडे गेलं. तिथे ‘खालती’ यमना, म्हणजे यमना मावशी, मसूर निवडत बसली होती. तशी ती नात्याने मावशी नव्हती, शेजारीण होती; पण गल्लीतली सगळी पोरं तिला खालतीच म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. बोलायला गेली की नुसती हवा निघे. आत्ता तिची बोटं परातीच्या काठावर ताल धरत होती. आणि जलूल जिथे जिथे ‘ला ला ला’ करी, तिथे तिथे तिचे ओठ हलत होते.

“बेनाउदा, बघ! ‘ला ला ला’ म्हणायला ओठ मिटावे लागतात का रे?”

“तू आणि तुझे शोध! उंटावरची शहाणी!”

पण खैराने स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून तीनदा ‘ला ला ला’ म्हणून पाहिलं. ओठ एकदाही मिटले नाहीत! खालतीचे मात्र दर वेळी मिटत होते. गाणं संपलं, तशी खालती मसुराची परात बाजूला ढकलून रडू लागली. मुलांनी कधी तिला रडताना पाहिलं नव्हतं. बेनाउदाने रेडिओ बंद केला.

खैरा तिच्यासमोर जाऊन बसली. “खालती, तिथे काय आहे? हळू म्हण. मी ओठ वाचते.”

ओठ मिटले, उघडले, गोल झाले.

“मि... लूद?”

खालतीने होकाराची मान डोलावली आणि पदराआड तोंड लपवलं.

“यम्मा!” खैरा धावत स्वयंपाकघरात गेली. “मिलूद कोण?”

आईच्या हातातली पळी थांबली. “कुणी सांगितलं तुला हे नाव?” मग ती खाली बसली. “यमनाचा मुलगा. सदा दर्यावरच असे, तुला कुठला आठवायला! चार हिवाळ्यांपूर्वी मासेमारीला गेला. बोट आली नाही, माणसंही आली नाहीत. कबर बांधायची तर आत ठेवायला काहीतरी हवं ना! तेव्हा यमना लग्नांतून गायची, बायकांच्या मेळ्यात. तिने त्याच्यावर गाणं रचलं. ‘ए समुद्रा, दार उघड, मिलूद आलाय.’ दगडावर नाव नाही, म्हणून गाण्यात ठेवलं बिचारीने.”

“म्हणजे जलूलने ते चोरलं?”

“तेव्हा त्याची गच्ची आपल्या गच्चीला लागून होती. भिंतीपलीकडून ऐकलं असेल. आता गप्प बसायचं हं! मोठ्यांच्या भानगडीत पोरांनी पडू नये.”

पडू नये म्हटल्यावर न पडायला खैरा काय दगडाची होती? पाऊण तासाने तिघंही जलूलची कॅसेट काढणाऱ्या दुकानदाराकडे हजर!

“ही कॅसेट दुरुस्त करून द्या,” बेनाउदा छाती काढून म्हणाला. “गाण्यातलं नाव गळलंय.”

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “मीच गाळलं. लग्नात वाजणाऱ्या कॅसेटमध्ये बुडालेल्या माणसाचं नाव? कोण विकत घेणार! चला, निघा! गिऱ्हाईक अडतंय.”

“पण त्याची आई...”

“त्याच्या आईला सांगा, तिचं गाणं पॅरिसपर्यंत पोचलं. आणखी काय हवं?”

खैराच्या बापाने कानांवर हात ठेवले. रेडिओ केंद्राच्या दारवानाने “चिठ्ठी लिहा” म्हणून वाटेला लावलं. सगळीकडे पालथ्या घड्यावर पाणी! परत येताना खैराला वाटलं, आपण लहान आहोत म्हणजे आपण नाहीच आहोत. इतकं लाचार तिला परीक्षेत पेपर कोरा दिला तेव्हाही वाटलं नव्हतं.

“आपल्या हातात काही नाही,” ती म्हणाली.

“माझ्या हातात आहे,” कादा म्हणाला. “दहा दिनार. समुद्रावर आइस्क्रीमसाठी माझ्या आईने दिलेत.”

“मूर्खा, दहा दिनारांत काय...” बेनाउदा एकदम थांबला. “दहा दिनार! खैरा, शनिवारी सलमान वाण्याच्या मुलाचं लग्न! गायला कोण येणार? जलूल!”

खैराने टाळी वाजवली. लग्नात गायकाशेजारी पुकारा करणारा उभा असतो, त्याला बर्राह म्हणतात. पाहुणे त्याच्या हातात नोट ठेवून कुणाचं नाव सांगतात. तो गाणं थांबवून ते नाव साऱ्या मांडवाला ऐकवतो. आणि मग गायकाला ते नाव गाण्यात गुंफावंच लागतं. नाही गुंफलं तर पैसे देणाऱ्याचा अपमान, यजमानाचा अपमान, मारामारीच व्हायची!

“पण बर्राह ओळखेल ना मिलूदला,” खैरा म्हणाली.

“हा बर्राह तय्यब दूरच्या सीग गावचा आहे,” बेनाउदा म्हणाला. “ त्याला आपल्या गल्लीचं काय माहीत? नोट दिसली की तो माणूस पाहत नाही!”

शनिवारी उन्हं उतरली तशी गल्लीत मांडवाखाली पुरुष जमले आणि बायका वर गच्चीवर. खैराने खालती यमनाला हाताला धरून आणलं होतं. ती येतच नव्हती. “गाणाऱ्या बाईने मुकं बसायचं कसं?” असं तिचे डोळे म्हणत होते. खैराने तिला कठड्याशी बसवलं. मग ती वाकून खाली कादाला शोधू लागली.

खाली कादा गर्दीतून रांगत तय्यबपाशी पोचला.

“ए बटाट्या, कुठे घुसतोस?”

कादाने नोट पुढे केली. तय्यबचा चेहरा क्षणात मधाळ झाला. “बोला शेठ! कुणासाठी?”

“मिलूद वल्द यमना. सिदी हुआरी मोहल्ल्याचा दर्यावर्दी. आणि ते दाराचं गाणं हवं.”

“फ्रान्सला असतो का?”

“लांब असतो,” कादा म्हणाला. खोटं बोलायची त्याला गरजच पडली नाही.

तय्यबने हात वर केला. वाद्यं थांबली. “ऐका हो ऐका! हे मिलूद वल्द यमनासाठी! सिदी हुआरीचा सिंह! लांबच्या पाण्यावर आहे, अल्लाह त्याला सुखरूप घरी आणो!”

मांडवातली म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. जलूल टाळ्या वाजवणाऱ्यांकडे हसून बघत होता. रोज पन्नास नावं गाणारा माणूस, सवयीने सुरू झाला: “ए समुद्रा, दार उघड, मिलूद आलाय...”

नाव चपखल बसलं. मोडलेल्या कपाला त्याचाच कान चिकटवावा तसं! जलूलचं हसू मावळलं. दुसऱ्या ओळीला तो अडखळला. तिसऱ्या ओळीला तो गायलाच नाही, नुसता वर गच्चीकडे बघत राहिला.

मग वरून बायकांनी ती ओळ उचलली. त्यांना ती पाठ होती! जिच्या तोंडून शिकल्या, ती खालती यमना दोन्ही हातांनी कठड्यावर ताल देत होती, आणि तिच्या उघड्या तोंडातून हवा, नुसती हवा निघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलूल अंगणात आला. डोळे सुजलेले. “खालती, मी चोर आहे. मुलगी नव्हती, रुमाल नव्हता. दुकानदाराने गोष्ट पढवली. बदलून मागितलं मी रात्री. तो म्हणतो, कागदावर सही केलीस, आता गाणं माझं.” तो खैराच्या बापाकडे वळला. “मी लग्नांतून त्याचं नाव गाईन. पण कॅसेट... त्या माझ्या हातातून गेल्या.”

“त्या कॅसेट राहू देत त्याच्याकडे,” बाप म्हणाला. मग त्याने तिन्ही पोरांच्या डोक्यांवर हात ठेवले. “आम्ही चार वर्षं यमनाच्या दुःखाला भिऊन ते नाव काढलं नाही. तुम्ही भर मांडवात काढलंत. शाबास! आम्हा मोठ्यांना जमलं नाही!”

“आइस्क्रीमचे दहा दिनार मिळतील का?” कादाने विचारलं. सगळे हसले, जलूलसुद्धा.

खैराला हसू येईना. कोपऱ्यावरच्या दुकानात कॅसेट लागली होती. ला ला ला. उद्याही लागेल. पॅरिसमध्येही लागेल. तिला रडू कोसळलं. “खालती, काही उपयोग झाला नाही गं!”

खालती यमनाने तिला जवळ ओढलं, तिच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि दाराकडे दाखवलं. हाक मार, असं ती सांगत होती.

“मिलूद!” खैरा म्हणाली.

खालतीने नाही अशी मान हलवली. आणखी मोठ्याने, असा तिने हात केला. गल्लीतून पोराला जेवायला बोलावतात तसं.

खैरा दारात गेली आणि बंदराकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडली, “मिलूऽऽद! ए मिलूऽऽद!”

मागे वळून पाहिलं, तर खालती यमनाने डोक्यावरचा पदर सारखा केला होता आणि ती चुलीशी जाऊन ताट वाढायला लागली होती.